एआय आणि जागतिक राजकारण : एम.ए.च्या वर्गासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येत्या सत्रात एम.ए. राज्यशास्त्राला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा पेपर मला शिकवायचा आहे. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. संगणकाची पार्श्वभूमी नाही, पण प्रश्न नेमके विचारतात.

सुरुवात चिपपासून करणार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला एआयसाठी लागणाऱ्या प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. अशा चिप घडतात मुख्यतः तैवानमध्ये, आणि त्यासाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं (अतिनील प्रकाशाने चिपवर सूक्ष्म नक्षी उमटवणारी) बनवते नेदरलँड्सची एकटी एएसएमएल ही कंपनी. या एका साखळीतून सत्ता, व्यापार, युद्धाची भीती सगळं उलगडता येतं, असं मला मनापासून वाटतं. पुढे २०२३ ची ब्रिटनमधली ब्लेचली एआय सुरक्षा परिषद, २०२४ चा युरोपीय एआय कायदा, आणि २०२५ मध्ये पॅरिसच्या एआय परिषदेच्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली, अमेरिका-ब्रिटनने केली नाही, ते.

अडतंय स्वायत्त शस्त्रांपाशी. यंत्राने माणूस टिपला तर जबाबदार कोण, ही चर्चा वर्गात कशी रंगवावी? कुणी मुलांना देश वाटून देऊन अभिरूप परिषद घेतली आहे का? साठ जणांत ती कशी बसवली, गुण कसे दिले? आणि ‘अलाइनमेंट’ला (एआयचं वागणं माणसाच्या हेतूंशी, मूल्यांशी जुळवणं) मराठीत तुम्ही कोणता शब्द वापरता?