मदत हवी आहे: वॉटर हीटरखालच्या ट्रेचं पाणी काढायचं कुठे?
नमस्कार मंडळी. आमचा 200 लिटरचा उभा वॉटर हीटर माळ्यावर आहे. जुनी टाकी तळाला गंजून झिरपत राहिली. कळेपर्यंत खालचं छत फुगलं होतं. म्हणून नव्या टाकीखाली ट्रे हवाच. भरलेली टाकी 200 किलोच्या वर जाते, मागाहून ट्रे सरकवणं अशक्य.

ट्रे दीड इंच खोल आणि निचऱ्याचा पाइप पाऊण इंची घेतोय. पण जवळची मोरी ट्रेपेक्षा उंच आहे, उतारच मिळत नाही. पाइप बाहेरच्या भिंतीतून काढू, की ओल लागताच पाण्याची आवक बंद करणारा सेन्सरवाला व्हॉल्व्ह बसवू? टाकी फुटली तर नुसता ट्रे पुरणार नाही, हीच धास्ती आहे. कुणी असं काम केलंय का?