मदत हवी: चार सुती कॉपर पाइप फ्लेअरच्या अगदी जवळ कसा वळवावा?

नमस्कार मंडळी. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, आता एसी फिटिंगची कामं स्वतः घेतो. नव्या इमारतींत आउटडोअर युनिटसाठी जेमतेम युनिट मावेल एवढीच जागा ठेवतात. सध्याच्या कामात व्हॉल्व्हच्या तोंडापासून भिंत साडेचार इंचांवर आहे, म्हणजे नटातून बाहेर पडला की पाइप लगेच काटकोनात खाली घ्यायचा.

दोन सुती लाइनचं काही अडत नाही. अडतंय ते चार सुतीचं, म्हणजे अर्ध्या इंचाच्या पाइपाचं. पाइप गुंडाळीतला, मऊ आहे, जाडी ०.८ मिमी. नट घालून, फ्लेअर मारून (तोंड कर्ण्यासारखं फाकवून) मग वळवायला घेतला तर नट लिव्हर बेंडरच्या आड येतो. नट मागे सरकवून वळवला तर तो बेंडच्या पलीकडे अडकतो, परत तोंडाशी येत नाही. स्प्रिंग लावून वळवला तर टोकाशी हाताला पकड मिळत नाही, आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि तोंड अंडाकृती होतं. अशा तोंडावर फ्लेअर एकसारखा बसत नाही. काही जण गरम करून वळवा म्हणतात, काही वाळू भरा म्हणतात. गिऱ्हाइकाचा गॅस चार महिन्यांत उडून जावा असं काम मला करायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, क्रम उलटा करा. आधी वळवायचं, मग कापायचं, मग नट, शेवटी फ्लेअर. टोकाकडे वीतभर पाइप जास्तीचा सोडून बेंडरमध्ये धरा. हुकाला पकडायला सरळ पाइप मिळाला की बेंड गोल येतो. नंतर कटरने जास्तीचं कापा. कटर एकदम आवळू नका, तोंड आत दबतं. रीमर (तोंडाची आतली धार काढायचं हत्यार) फिरवताना तोंड खाली धरा, नाहीतर कीस पाइपात जाऊन थेट कॉम्प्रेसरकडे निघेल.

आता किती सरळ ठेवायचं ते बघा. फ्लेअर मारताना नट मागे सरकलेला हवा आणि त्याच्यापुढे फ्लेअरिंगची पट्टी (पाइप आवळून धरणारी) बसायला हवी. नटाची उंची अधिक पट्टीची जाडी, एवढा सरळ भाग लागतोच. चार सुतीला तो दोन इंच धरा. पुढे बेंडरची त्रिज्या साधारण दीड इंच, वर पाइपाचा अर्धा व्यास पाव इंच. झाले पावणेचार. इन्सुलेशन धरूनही तुमच्या साडेचारात बसतं. पण तुमची पट्टी आणि नट आधी मोजून घ्या, प्रत्येक सेटचं माप थोडं वेगळं असतं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. गरम करण्याबद्दल: तांबं मंद लाल होईपर्यंत तापवलं की मऊ पडतं हे खरं, पाण्याच्या लाइनला चालतंही. पण एसीच्या पाइपात नायट्रोजन न सोडता तापवलं तर आत काळी खपली धरते, ती सुटून कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत अडकते. वाळूचं तर नावच नको, एक कण राहिला तरी घात. तुमचा पाइप मुळात मऊच आहे, तापवून काही मिळणार नाही.

एकच जपा: एकदा वळवलेली जागा सरळ करून पुन्हा वळवू नका. तांबं तिथं कडक होतं आणि दुसऱ्या वेळी चिरतं. खूण करून एका दमात, पण सावकाश वळवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. माझी पट्टी आणि नट मिळून पावणेदोन इंच भरतात, म्हणजे जागा पुरते. अजून एक विचारतो: पुढच्या कामात भिंत तीन इंचांवरच आहे. तिथे तयार एल्बो (काटकोनी जोड) ब्रेझ करावा का, म्हणजे तापवून डाग देऊन जोडावा का?

प्रतिसाद

हो, तिथे एल्बोच. नायट्रोजन हळू सोडत ब्रेझ करा आणि फ्लेअर नंतर मारा. म्हणजे एल्बोनंतरही नट आणि पट्टीपुरता सरळ तुकडा हवाच. तेवढीही जागा नसेल तर युनिटचा स्टँडच पुढे घ्यायला सांगा, गिऱ्हाइक कुरकुरलं तरी.