मनोरीतलं समुद्राकाठचं जुनं घर घ्यावं का?

सुरूची_सावली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दहिसरला राहतो. नवरा मार्चमध्ये निवृत्त होतोय आणि गेली दोन वर्षं त्याने एकच धोशा लावलाय, समुद्राकाठी घर. गावाकडे नको (तिथे भावकी), अलिबाग परवडत नाही. गेल्या महिन्यात ओळखीतून मनोरीतलं एक घर कळलं. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसलो, पाच मिनिटांत खाडीपलीकडे. नवऱ्याने तिथेच निम्मा निर्णय घेऊन टाकला असावा.

घर कौलारू. खाली चार खोल्या, वर माडी, सागाचा जिना, मागे विहीर. ओटीवरून उतरलं की सहा दगडी पायऱ्या आणि थेट वाळू. राहतात एक ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) आजी, ऐंशीच्या पुढच्या. अंगणात दांडीवर बोंबील सुकत होते, त्याच्या वासाने मला आमचं माहेर आठवलं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज सहज धरला, तर त्याचा पापुद्रा पापडासारखा हातात आला. भिंतींना कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीतून फुटलेलं मीठ. न्हाणीघर मागाहून बांधलेलं, सिमेंटचं. त्याच्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात. विहिरीचं पाणी आजी म्हणाल्या "एप्रिलनंतर मचूळ होतं".

अजून एक बोलल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा पुढे माडांच्या दोन रांगा होत्या." आता एक आहे, त्यातलेही दोन माड समुद्राकडे कललेत. नवऱ्याचं लक्ष नव्हतं. तो ओटीवर खुर्च्या किती बसतील ते मोजत होता.

घर आजींच्या सासऱ्यांच्या नावावर. वारस चार, एक कॅनडात. हातात फक्त घरपट्टीच्या पावत्या. मागणी आमच्या दहिसरच्या वन-बीएचकेपेक्षा थोडी जास्त. एजंट म्हणतो, "घर काय बघता, पाडा आणि दोन मजली बांधा. खाडीवर पूल झाला की भाव दुप्पट."

मला कळत नाहीये की काय तपासायचं, आणि आधी काय.

फाइलवाला_काका

ताई, एजंटला विचारा, पाडल्यावर परत बांधायची परवानगी कोण देणार? विषय बदलेल.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचा नियम, 19 फेब्रुवारी 1991ला आला. भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटर त्यात येतात. पुढे 2011 आणि 2019ला नव्या अधिसूचना आल्या. तुमचा भूखंड कुठल्या वर्गात पडतो ते किनारा आराखड्याच्या नकाशावर सर्व्हे नंबर घालून बघायचं. वर्ग तीन (ग्रामीण, मोकळा किनारा) निघाला, तर 200 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम नाही. 2019च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या भागांसाठी ते 50 मीटरवर आणलंय, पण सहा पायऱ्यांवर वाळू म्हणजे तुम्ही त्या पन्नासातही आतच. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती चालते, आहे त्या जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रात. त्या जागेला किंमत आहे ती ते घर तिथे उभं आहे म्हणून. पाडलंत की गेलं.

आता "अधिकृत" कशावरून? मुंबई पालिकेच्या हद्दीत राहत्या बांधकामासाठी 17 एप्रिल 1964 ही तारीख धरतात. त्याआधीचं असेल तर सहसा हात लावत नाहीत, पण पुरावा हवा. घरपट्टीच्या पावतीने मालकी ठरत नाही. तिथे घर होतं एवढं मात्र ती सांगते, म्हणून टाकू नका. 1961-62चा करनिर्धारणाचा उतारा काढायला सांगा. प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा मात्र विकणाऱ्याकडून घेऊ नका, स्वतः अर्ज करून प्रमाणित प्रत काढा. मढ-एरंगळकडे जुन्या नकाशांत नसलेली घरं घुसवल्याची प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली, पेपरात वाचलं असेल. आणि ते न्हाणीघर मागाहून बांधलं म्हणता, ते कधी आणि कुणाच्या परवानगीने, तेही विचारा.

वारस: चौघांच्याही सह्या, किंवा रीतसर नोंदलेलं हक्कसोडपत्र. "मोठा भाऊ सगळं बघतो" हे वाक्य ऐकलंत की पिशवी उचला. कॅनडावाल्याचं कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन यायला हवं, आणि इथे आल्यावर 3 महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक भरावा लागतो. तो अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर टीडीएस नेहमीच्या एक टक्क्याने कापून चालत नाही, दर बराच वर असतो. कापायची जबाबदारी तुमची, त्याची नव्हे. चुकलात तर आयकर खातं तुमच्या दारात.

30 वर्षांचा सर्च (जुन्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध) आणि दोन पेपरांत जाहीर नोटीस, हे वकील करेलच. तोवर टोकन म्हणून अकरा रुपयेसुद्धा नाही.

जुनं_लाकूड

काकांनी कागदांचं सांगितलं, मी भिंतींचं सांगतो. मढला आमचं असंच घर आहे, सासऱ्यांचं. अकरा वर्षं दुरुस्त करतोय, अजून संपलेलं नाही.

भिंतीच्या लोण्याला घाबरू नका, पण सिमेंटने झाकू नका. आम्ही ती चूक केली. चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला, दोन पावसाळ्यांत आतून पोपडे. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मीठ आतल्या बाजूला फुटतं. सगळं खरवडून परत चुना केला, पैसे दोनदा गेले.

तुमच्या घरात सगळ्यात जुनं असेल तेच सगळ्यात धड असेल, सागाचे खांब आणि आढं. तरी प्रत्येक खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तिथे वाळवी किंवा कूज. न्हाणीघराचा स्लॅब गेल्यातच जमा समजा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून देते, वरून लिंपून काही होत नाही. खिडक्यांना लोखंड नकोच. बिजागऱ्या, स्क्रू सगळं 316चं (खाऱ्या हवेत टिकणारं) स्टेनलेस. महाग आहे, पण साधं स्टेनलेसही आमच्याकडे तिसऱ्या वर्षी तांबूस झालं. 17 मे 2021ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमची निम्मी कौलं शेजारच्या वाडीत सापडली. आता कडेच्या ओळी तारेने बांधतो.

पण हे सगळं पैशाने होतं. मला त्या माडांच्या रांगेची काळजी वाटते. आजींनी फुकटात सगळ्यात मोलाचं सांगितलं आणि तुमचे यजमान खुर्च्या मोजत बसले. 4.5 मीटरवरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्यातल्या एका दिवशी जाऊन पायऱ्या मोजा.

बोरिवलीकर_७४

रात्री शेवटची बोट गेली आणि छातीत दुखलं, तर गोराई-उत्तनवरून भाईंदर गाठावं लागेल. मार्च निवृत्ती म्हणता म्हणून बोललो, राग मानू नका.

बाकी गंमत बघा, पालिकेचा समुद्राचं पाणी गोडं करायचा 200 दशलक्ष लिटरचा प्रकल्प मनोरीतच ठरलाय, आणि तुमची विहीर मचूळ.

सुरूची_सावली

सगळ्यांचे आभार. पावसाळ्यापर्यंत थांबवेना, म्हणून परवा अमावास्येला जाऊन आलो. दुपारी साडेबाराची भरती. सहापैकी दोन पायऱ्या पाण्यात, वारा नसताना. नवरा चौथ्या पायरीवर चप्पल हातात घेऊन उभा होता, बराच वेळ काही बोलला नाही. आजी आतून ओरडल्या, "आषाढात ये, ओटी धुऊन देतो समुद्र."

स्क्रू-ड्रायव्हर नेला होता. सातातले सहा खांब टणक, एक मऊ. एजंटला काकांचा प्रश्न विचारला. त्याला फोन आला.

मग मीच आजींना विचारलं, विकायचं राहू द्या, पुढच्या दोन खोल्या जूनपासून चार महिने भाड्याने देता का? हो म्हणाल्या. त्यांनाही पावसात एकटं नको वाटतं. वारसांना विचारून लिव्ह अँड लायसन्स करतोय. तोवर उतारा आणि प्रॉपर्टी कार्डचे अर्जही टाकलेत.

आता एवढंच सांगा, फ्रिज बोटीतून चढवू देतात का?

जुनं_लाकूड

टेम्पो भाईंदरवरून न्या. आणि फ्रिज भिंतीला टेकवू नका.