मदत हवी आहे: कर्नाटक संगीतात सम शोधायची कुठे?

नमस्कार मंडळी. यजमानांच्या बदलीमुळे सहा महिने झाले, चेन्नईत मैलापूरला राहतो. सध्या मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला तमिळ महिना, चालू आहे, त्यामुळे गावभर नुसतं गाणं. इथे मैफलीला 'कच्चेरी' म्हणतात. शेजारच्या मामींनी "कच्चेरीला येणार का?" विचारलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी सरकारी काम निघालं!

शनिवारी त्यांच्याबरोबर संध्याकाळच्या गायनाला जायचंय आणि पोटात गोळा आलाय. कारण गेल्या आठवड्यात दुपारच्या एका कार्यक्रमात फजिती झाली. आदिताल आठ मात्रांचा, एवढं वाचून गेले होते. पण मृदंग ठेका धरतच नाही, गाण्याच्या अंगाने वाजत राहतो. मी मनात 'धा धिं धिं धा' म्हणत बसले आणि भलत्याच जागी "क्या बात है" निघून गेलं. पुढचे आजोबा वळून बघायला लागले. नंतर मृदंग एकटा सुरू झाला, तसे बरेच लोक उठले म्हणून मीही कॉफीला गेले. परत आले तर मामी गप्प. घरी येईपर्यंत गप्प.

राग ओळखू येतात हो, मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंडोलम् म्हणजे मालकंस. पण समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं, काय करू? आणि कॉफी कधी प्यायची?

प्रतिसाद १
ताई, ठेका शोधू नका, मामींचा हात बघा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, झाल्या चार. पुढे टाळी आणि हात उलटा, असं दोनदा. चार-दोन-दोन, आठ. आता खरी मेख: गाणं पहिल्या टाळीवरच उठेल असं नाही. कधी अर्ध्या मात्रेनंतर, कधी दीड मात्रेनंतर. त्या जागेला 'एडुप्पु' म्हणतात. कल्पनास्वर, म्हणजे आयत्या वेळी सुचलेली सरगम, गाताना गायक दर फेरीला ठरलेल्या ओळीच्या त्याच जागेवर येऊन पडतो. आपण मुखडा पकडून समेवर येण्याची वाट बघतो ना, ती मजा इथे आहे. दाद तिथे द्या. "बेश" म्हणालात तर आजोबा हसतील.

मामी रुसल्या ते बरोबरच आहे. मृदंगाचं ते एकल वादन म्हणजे 'तनि आवर्तनम्'. घटम (वाजवायचा मातीचा घट) असेल तर त्याच्याशी सवाल-जवाब, शेवटी तिहाईसारखी 'कोर्वै' तीनदा, आणि गायक पुन्हा ओळ उचलतो. तेच सोडून गेलात! मध्यंतर बहुधा नसतं, कॉफी आधीच उरका.

प्रतिसाद २
कॅन्टीनला आधी जा आणि पोंगल सोडू नका. बाकी वरच्यांनी सांगितलंच आहे.

धागाकर्ती
जाऊन आले! तनिला जागची हलले नाही. कोर्वै संपून गायिकेने ओळ उचलली तेव्हा माझा हात मामींच्या हाताबरोबर पडला. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेवटच्या हलक्या चिजांमध्ये एक अभंग गायल्या, सभागृह टाळ्यांवर डोलत होतं. मामींनी कानात अर्थ विचारला आणि एका ओळीचा मलाच धड सांगता आला नाही. आता पुढच्या बुधवारपर्यंत तो शोधून ठेवायचाय.