मदत हवी आहे: पॉइंट्सवर बिझनेस क्लास, पण सरचार्ज टाळायचा कसा?

मंडळी, आईबाबांना लांबच्या फ्लाइटला एकदा तरी बिझनेस क्लासनं न्यायचंय, रात्रभर आडवं होऊन झोपता यावं एवढीच इच्छा. बँकेच्या कार्डावर जमलेले रिवॉर्ड पॉइंट्स (जे एअरलाइनच्या प्रोग्रॅममध्ये ट्रान्सफर करून तिकीट काढता येतं) पुरतायत, पण तिकीट काढायला बसलं की शेवटच्या स्क्रीनवर टॅक्सच्या रकान्यात वायक्यू किंवा वायआर अशा कोडनं जी रक्कम येते ना, ती बघून वाटतं मग इकॉनॉमीचं रोख तिकीटच का काढू नये. हा सरकारी टॅक्स नाहीच, एअरलाइनच लावते तो सरचार्ज आहे.

वाचून एवढं कळलं की सीट तीच असली तरी पॉइंट्स कुठल्या प्रोग्रॅमचे यावर सगळं ठरतं, म्हणजे लुफ्तान्साची सीट त्यांच्याच माइल्स अँड मोअर प्रोग्रॅममधून घेतली तर सरचार्ज लागतो, पण एअर कॅनडाच्या एरोप्लॅन प्रोग्रॅमनं २०२० मध्ये तो काढून टाकला आणि अमेरिकेची युनायटेडही पार्टनर एअरलाइनच्या तिकिटावर लावत नाही. लंडनहून प्रवास सुरू केला तर वरच्या क्लासला एअर पॅसेंजर ड्युटी हा तिथला सरकारी टॅक्सही जास्त पडतो, तो मात्र कुठलेही पॉइंट्स वापरले तरी सुटत नाही.

आता खरी अडचण. बँकेचे पॉइंट्स एकदा एअरलाइनकडे ट्रान्सफर केले की परत येत नाहीत, आणि पार्टनरची सीट कधीकधी साइटवर दिसते पण बुक करताना गायब होते. मग ट्रान्सफरच्या आधी सीट खरंच आहे याची खात्री तुम्ही कशी करता, फोन करून विचारता की दुसऱ्या पार्टनरच्या साइटवर ताडून बघता? आणि दोघांना एकाच फ्लाइटवर सीट हवी असेल तर किती आधीपासून शोधायला लागायचं? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.