मीन आणि मासा एकाच घरचे नाहीत

वर एका सदस्यांनी लिहिलंय की 'मीन' हा अस्सल संस्कृत शब्द आणि 'मासा' हे त्याचंच बोलीरूप. हे पटलं नाही.

'मासा' आला 'मत्स्य'वरून. मत्स्य, मच्छ, मासा. हिंदीत आणि गुजरातीत जिथे छ टिकला तिथे मराठीने बहुतेकदा स केला. म्हणून त्यांची छुरी ती आपली सुरी, छाल ती साल, आणि पूछना ते आपलं पुसणं. बंगालीतला 'माछ' आपल्या माशाचा सख्खा भाऊ. कान देऊन ऐकलं की नातं लगेच कळतं.

'मीन' मात्र दक्षिणेकडचा. तमिळ आणि मल्याळममध्ये आजही माशाला मीनच म्हणतात, कन्नडमध्ये मीनु. तिथून तो संस्कृतात गेला, असं बरेच भाषाअभ्यासक मानतात. तमिळमध्ये मीन म्हणजे ताराही. मला हे फार सुंदर वाटतं, कारण आपली मीन रास आकाशातच आहे!

मागे नाशिकरोडला मासे घ्यायला गेलो होतो, सोबत हैदराबादचे एक सहकारी. मावशींनी ओलं गोणपाट बाजूला केलं, खाली मरळ अजून वळवळत होती. (हवेतही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते.) ते पटकन म्हणाले, "अरे, कोर्रमीनु!" तेलुगूत माशाला एरवी 'चेप' म्हणतात, पण मरळीच्या नावात मीन अजून शाबूत आहे. आपल्याकडे तो पंचांगात आणि मीनाक्षीत राहिला, बाजारात कधी आलाच नाही.