शाळेतली डोळेतपासणी बंदच करा ना!

पाचवीचा_बाप
लेकीच्या शाळेत आरोग्यतपासणी झाली. अर्ध्या तासात अख्खा वर्ग उरकला, कार्डावर 'दृष्टी सामान्य'. शंका आली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर डाव्याला पावणेतीन नंबर! पोरगी म्हणते, "रांगेत उभं राहून तक्ता पाठ झाला होता." असलं खोटं 'सामान्य' मिळण्यापेक्षा तपासणी नसलेली बरी. निदान आईबाप गाफील तरी राहत नाहीत.

झेडपी_गुरुजी
बंद करा म्हणायला काय जातं? आमच्या वस्तीवरून तालुका बावीस किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा, आईबाप सहा महिने ऊसतोडीला. पोराला डॉक्टरकडे नेणार कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यांनीच माझ्या वर्गातला एक मुलगा हेरला. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवायचा, म्हणून मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं होतं. अजून लाज वाटते. तुमच्या लेकीची तपासणी वाईट झाली, एवढाच त्याचा अर्थ. शाळेला कशाला दोष?

पाचवीचा_बाप
पण पथकात आयुषचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे) दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. डोळ्यांचं माणूस कुठंय?

चष्मेवाली_ताई
मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. कुणाची नजर कमी आहे एवढं नुसतं हेरायला तज्ज्ञ लागत नाही हो, शिकवलं तर गुरुजीही करतील. सहा मीटर मोजून अंतर, चांगला उजेड, एकेक डोळा वेगळा. झाकायचा तळहाताने, कारण बोटांच्या फटीतून पोरं हमखास बघतात. वेगवेगळ्या अक्षरांऐवजी नुसत्या इंग्रजी 'E'चा तक्ता घ्या. त्याचे दात कुठल्या बाजूला, ते मूल हाताने दाखवतं. कार्ड फिरवलं की पाठांतर संपलं.
तरी पाचवीपर्यंत थांबणं मला पटत नाही. आळशी डोळ्याचं, म्हणजे एका डोळ्याची नजर कच्ची राहिलेलं मूल तक्रारच करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. सात-आठ वर्षं उलटली की उपचाराला दाद कमी मिळते. अंगणवाडीत पकडा.
आणि चष्म्याच्या दुकानांची 'मोफत शिबिरं' मात्र खुशाल बंद करा. डोळ्याचा जोर सैल करणारे थेंब न घालता नंबर काढायच्या यंत्रापुढे बसवलं की मूल डोळ्यावर जोर देतं आणि यंत्र उगाच मायनस नंबर दाखवतं. असे कितीतरी चष्मे मी उतरवलेत.

शेवटचा_बाक
नंबर काढलात, पुढे? मला सहावीत चष्मा लागला. 'ढापण्या' ऐकून ऐकून तो दप्तरातच राहिला, दहावीपर्यंत. ग्रामीण चीनमध्ये मुलांना फुकट चष्मे दिले तर गणिताचे गुण सुधारले, असा अभ्यास 2014 साली आला होता. पण नाकावर बसेल तेव्हा ना!

झेडपी_गुरुजी
म्हणून आम्ही चष्मे वर्गातल्या कपाटात ठेवतो. तास सुरू झाला की वाटायचे, सुटला की गोळा.

चष्मेवाली_ताई
आणि घरी गृहपाठ कशाने करायचा, गुरुजी?

झेडपी_गुरुजी
घरी नेलेले दोन तुटले, एक धाकट्या भावाने विहिरीत टाकला. दुसरा कोण देणार ते सांगा, उद्यापासून घरी पाठवतो.

पाचवीचा_बाप
बरं, 'बंद करा' मागे घेतो. पण कार्डावर 'सामान्य' लिहिणाऱ्याचं नाव आणि सही हवी. आमच्या कार्डावर नुसता शिक्का आहे.